दत्तक आणि ताब्याचे कायदे बदलले की खर्च कोणाच्या खात्यावर पडतो?

जमाखर्च

बाल न्याय कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश काढण्याचं काम न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्याकडे सोपवलं गेलं. हक्कांच्या अंगाने त्यावर बरंच लिहून आलं आहे. या धाग्यात मला फक्त पैशाचं बोलायचं आहे: असा कायदा बदलला की तिजोरीवर किती भार येतो आणि तो नेमका कोणाच्या खात्यावर पडतो.

विधेयकासोबत वित्तीय ज्ञापन जोडावं लागतं. लोकसभेच्या कामकाज नियमावलीतला नियम ६९ सांगतो की खर्च लागणारी कलमं वेगळी दाखवा आणि आवर्ती (दरवर्षी होणारा) आणि अनावर्ती (एकदाच होणारा) खर्चाचा अंदाज द्या. खर्चाचं विधेयक असेल तर राज्यघटनेच्या अनुच्छेद ११७(३) खाली राष्ट्रपतींची शिफारस लागते, राज्यात हेच अनुच्छेद २०७(३) खाली राज्यपालांकडून होतं. अडचण अशी की नवं पद, नवं कार्यालय किंवा नवं अनुदान असेल तरच खर्च ज्ञापनात दिसतो. असलेल्याच अधिकाऱ्याला आणखी एक काम दिलं तर कागदावर खर्च शून्य. काम मात्र कोणीतरी करतंच, आणि त्यासाठी त्याचं दुसरं काम बाजूला पडतं.

आता आकडा बघा. २०२४-२५ मध्ये 'कारा'च्या (केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या) नोंदीनुसार देशात ४,५१५ दत्तकं झाली, त्यातली ४,१५५ देशांतर्गत. जिल्हे साडेसातशेहून जास्त. म्हणजे सरासरी एका जिल्हाधिकाऱ्यापुढे वर्षाला सहाच्या आसपास आदेश. प्रत्यक्षात शिशुगृहं मोठ्या शहरांत एकवटलेली असल्याने काही जिल्ह्यांत बरेच आणि कित्येक जिल्ह्यांत एखादाच. वर्षाला एक-दोन फायली येतात तिथे त्या कामाला सरावलेला कारकून तयारच होत नाही. दर फाईल ही पहिलीच फाईल. माझ्या मते या बदलाचा खरा खर्च इथे आहे, आणि तो कोणत्याच ज्ञापनात येत नाही.

कायद्यात जिल्हाधिकारी या शब्दात अपर जिल्हाधिकारीही धरले आहेत, त्यामुळे निवडणुका किंवा पूरपरिस्थिती असताना काम अडू नये अशी सोय आहे. आदेश दोन महिन्यांत द्यायचा. आदेश मान्य नसेल तर ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील, आणि ते चार आठवड्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करायचा.

ज्यांना या कामाची आतून माहिती आहे त्यांनी भर घालावी. आकडा लिहिताना तो नियमातला आहे की गृहीत धरलेला, एवढं स्पष्ट करा.

टाचण

चांगला विषय. सगळ्यांचं लक्ष आदेशाच्या दोन महिन्यांवर असतं, पण वेळ त्याच्या आधीच जातो. फाईल कशी भरते ते क्रमाने लिहिते.

टाकून दिलेलं बाळ सापडलं की २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यायचं. मग बाळाच्या फोटोसह वर्तमानपत्रात जाहिरात. हा खर्च जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या वाट्याला येतो. पोलिसांनी पालकांचा शोध घेऊन 'पालक सापडले नाहीत' असा अहवाल द्यायचा: दोन वर्षांखालच्या मुलासाठी दोन महिन्यांत, मोठ्या मुलासाठी चार महिन्यांत. त्यानंतर समिती मूल दत्तकासाठी कायदेशीर मुक्त असल्याचं जाहीर करते आणि त्या निर्णयावर किमान तीन सदस्य लागतात. समितीत अध्यक्ष धरून पाच जण. मुदत संपली, नव्या नेमणुका रखडल्या आणि तिघे उरले नाहीत, तर पुढचं सगळं तिथेच थांबतं. आईवडिलांनी स्वतः मूल सुपूर्द केलं असेल तर फेरविचाराचे ६० दिवस सोडावे लागतात. ते कमी करता येत नाहीत आणि करूही नयेत.

मुक्त झाल्यावर बाल अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल 'कारा'च्या पोर्टलवर चढतो. इच्छुक पालकांचा गृहभेट अहवाल आधीच झालेला असतो. ज्येष्ठताक्रमाने मूल सुचवलं जातं आणि पालकांना ४८ तासांत होकार कळवावा लागतो. संस्थेची दत्तक समिती पालकांना भेटते, मूल दत्तकपूर्व संगोपनासाठी घरी जातं आणि मग अर्ज संरक्षण कक्षाच्या छाननीतून जिल्हाधिकाऱ्याकडे.

फाईल परत येण्याची कारणं बहुतेक वेळा फार साधी असतात. समितीच्या आदेशात मुलाचं नाव एक आणि वैद्यकीय अहवालात दुसरं. जन्मतारीख एका कागदावर अंदाजे, दुसऱ्यावर नेमकी. जाहिरातीचं कात्रण आहे, पण वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख असलेला वरचा पट्टा कापला गेलेला. आईच्या सुपूर्दनाम्यावर साक्षीदाराची सही राहिलेली. एकेका दुरुस्तीला समितीची पुढची बैठक लागते. अर्ज जाण्याआधी अर्धा तास बसून चारही कागदांवरचं नाव, तारीख आणि लिंग जुळवून घेतलं तर यातलं बरंचसं टळतं. पण हे करणारा माणूस कंत्राटी मानधनावर असतो, आणि एकाच माणसाकडे गृहभेटी, बालविवाहाचे फोन, प्रायोजकत्वाच्या याद्या असं सगळंच असतं.

शेवंती

एक शंका. दत्तक घेणारे पालक फी भरतात ना? मग सरकारचा खर्च त्यातून निघत नाही का?

टाचण

फी सरकारी तिजोरीत जातच नाही, शेवंतीताई. देशांतर्गत दत्तकासाठी गृहभेट अहवालाचे ६,०००, मूल घेताना बाल संगोपन निधीचे ५०,०००, आणि दोन वर्षांत सहामाही चार पाठपुरावा भेटी, दर भेटीला २,०००. एकूण ६४,०००. संगोपन निधी विशेष दत्तक संस्थेकडे (म्हणजे शिशुगृहाकडे) जातो आणि तिथल्या मुलांच्या देखभालीवर खर्च करायचा असतो. समितीची बैठक, पोलिसांचा तपास, जाहिरात, छाननी, आदेश यातलं काहीच या पैशातून निघत नाही.

याव्यतिरिक्त 'लवकर होईल' म्हणून कोणी देणगी मागितली तर ती बेकायदा आहे. पावती मागा आणि लेखी तक्रार द्या.

कृष्णाकाठ

संस्थेच्या बाजूने लिहितो, कारण 'मूल दत्तक गेलं की सरकारचे इतके पैसे वाचले' हा हिशोब हमखास चुकीचा मांडला जातो.

मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेत संस्थेतल्या मुलामागे महिन्याला ३,००० रुपये देखभाल अनुदान आहे. कर्मचाऱ्यांचं मानधन वेगळं. विशेष दत्तक संस्थेचा एकक दहा मुलांचा. आधीच्या एकात्मिक बाल संरक्षण योजनेच्या आकृतिबंधात या दहा मुलांसाठी सहा आया होत्या. तीन पाळ्यांत वाटल्या तर एका वेळी दोन, आणि साप्ताहिक सुट्टी, आजारपण धरलं तर पुष्कळदा एकच. रात्री दोनला एक बाळ तापलं आणि दुसरं दुधासाठी रडलं तर दोन्हीकडे तीच बाई.

आता दहापैकी एक मूल दत्तक गेलं. सरकारचे वाचले महिन्याला ३,०००. आया तेवढ्याच, परिचारिका तीच, भाडं तेच. मानधन आणि भाडं दहाने भागून 'दर मुलामागे एवढा खर्च वाचला' असं कोणी सादर केलं तर तो सरासरी खर्च झाला, वाचलेला नव्हे. खरी बचत एखादं एककच बंद होतं तेव्हा. आणि शिशुगृहात खाटा रिकाम्या ठेवाव्याच लागतात, उद्या कुठलं बाळ येईल ते ठाऊक नसतं.

उशिराचा खर्चही असाच बघावा. पोलिसांचा अहवाल चार महिने लांबला तर रोखीतला जादा खर्च ३,००० गुणिले ४, म्हणजे १२,००० रुपये. हा आकडा बघून कोणाचीच झोप उडत नाही. पण तेवढ्यात पावणेदोन वर्षांचं मूल दोन वर्षांपलीकडे जातं, आणि बहुतेक अर्जदारांना दोन वर्षांखालचंच मूल हवं असतं. त्या चार महिन्यांमुळे ते मूल पुढची कित्येक वर्षं संस्थेत राहू शकतं. मग १२,००० चे ३६,००० दर वर्षाला होतात, अठरा पूर्ण होईपर्यंत. मुलाचं जे जातं ते तर कुठल्याच लेखाशीर्षाखाली येत नाही.

जमाखर्च

कृष्णाकाठ, सरासरी आणि वाचलेला खर्च यातला फरक फार नेमका दाखवलात.

यालाच जोडून दुसरा भाग मांडतो. दिव्यांग किंवा वयाने मोठ्या मुलांना दत्तक घेणाऱ्या कुटुंबाला दरमहा साहाय्य द्या, अशी मागणी वारंवार होते. मी त्या मागणीच्या बाजूचा आहे. म्हणूनच तिचा हिशोब नीट व्हावा असं वाटतं, नाहीतर पहिल्या वर्षाचा छोटा आकडा बघून मंजुरी मिळते आणि पाचव्या वर्षी हप्ते थकतात.

पुढचे आकडे गृहीत आहेत. एखाद्या राज्यात दरवर्षी अशी १०० मुलं दत्तक जातात, दत्तकाच्या वेळी सरासरी वय ५, साहाय्य महिना ४,००० (मिशन वात्सल्यमधल्या प्रायोजकत्वाइतकंच, म्हणजे गरजू मूल कुटुंबातच राहावं म्हणून मिळणाऱ्या मासिक साहाय्याइतकंच), अठरा वर्षांपर्यंत. दर मुलामागे वर्षाला ४८,०००. पूर्ण वर्षाचा हिशोब धरला तर पहिल्या वर्षी ४८ लाख. दत्तकं वर्षभर विखुरलेली असल्याने प्रत्यक्षात याच्या निम्म्याच्या आसपास. दुसऱ्या वर्षी आधीची १०० आणि नवी १००, म्हणजे ९६ लाख. तेराव्या वर्षी १,३०० मुलं आणि ६ कोटी २४ लाख. त्यानंतर जितकी नवी येतात तितकीच अठराची होऊन बाहेर पडतात, आकडा तिथे स्थिरावतो. पहिल्या वर्षाचा आकडा ज्ञापनात घालणं म्हणजे तेराव्या वर्षाचा खर्च तेरापटीने कमी दाखवणं.

आता बचत. ही मुलं एरवी संस्थेत राहिली असती असं धरा (सगळ्यांच्या बाबतीत खरं नाही, पण धरू). दर मुलामागे ३६,००० वाचले, १,३०० मुलांमागे ४ कोटी ६८ लाख. निव्वळ भार १ कोटी ५६ लाख. दिसायला किरकोळ. पण मिशन वात्सल्यचा खर्च केंद्र आणि राज्यात ६०:४० आहे. ३६,००० मधले २१,६०० केंद्राचे वाचले, राज्याचे फक्त १४,४००. साहाय्य मात्र राज्याच्या कायद्याने, पूर्ण राज्याच्या पैशातून. म्हणजे राज्याला दर मुलामागे ३३,६०० पदरचे, तेराव्या वर्षी ४ कोटी ३७ लाखांच्या आसपास. वाचवतं एक सरकार आणि भरतं दुसरं. वित्त विभाग अशा प्रस्तावांवर शेरा मारतो तेव्हा त्याला मुलांचं वावडं असतं असं नाही, त्याच्या खात्यात वाचलेला पैसा येणारच नसतो.

म्हणून मागणी केंद्राच्या योजनेत, ६०:४० च्या सूत्रात करायला हवी.

न्यूजर्सीकर

जमाखर्च यांनी जे लिहिलं तेच अमेरिकेत कायद्यानेच घडलं, आणि पुढे कायद्यानेच दुरुस्त करावं लागलं. इथल्या वाचकांना उपयोग होईल म्हणून थोडक्यात.

१९८० च्या कायद्याने सोशल सिक्युरिटी कायद्याच्या टायटल फोर-ई खाली दत्तक साहाय्य सुरू झालं. विशेष गरज असलेल्या मुलाला दरमहा रक्कम, साधारण अठरा वर्षांपर्यंत, काही प्रकरणी एकविसापर्यंत. केंद्राचा वाटा राज्याच्या दरडोई उत्पन्नानुसार ठरणारा, किमान ५० टक्के. पण केंद्राचा पैसा मिळायला मुलाचं जन्मदात्या कुटुंबाचं उत्पन्न जुन्या कल्याण योजनेच्या निकषात बसायला हवं, आणि तो निकष १९९६ च्या पातळीवर गोठवलेला. महागाई वाढत गेली तशी पात्र मुलं घटत गेली आणि अपात्र ठरलेल्यांचा खर्च राज्यांवर सरकला. कलम एकही बदललं नव्हतं, फक्त काळ गेला.

२००८ च्या कायद्याने दत्तक साहाय्यापुरता हा उत्पन्नाचा निकष काढायचं ठरलं, पण एकदम नव्हे. २०१० च्या आर्थिक वर्षात १६ वर्षांवरची मुलं, मग दर वर्षी दोन वर्षांनी खाली. केंद्राचा वाटा वाढल्याने राज्यांचा जो पैसा सुटला तो बालकल्याणावरच खर्च करायचा ही अट त्यातच होती. २०१४ मध्ये ती आणखी घट्ट केली: त्यातला किमान ३० टक्के भाग दत्तकानंतरच्या आणि पालकत्वानंतरच्या सेवांसाठी आणि मुलं पुन्हा सरकारी ताब्यात येऊ नयेत यासाठीच्या सेवांसाठी. २०१८ च्या कायद्याने दोन वर्षांखालच्या मुलांचा शेवटचा टप्पा ३० जून २०२४ पर्यंत लांबवला, म्हणजे केंद्राचा तेवढा खर्च पुढे ढकलला गेला.

मसुदा लिहिणाऱ्यांनी तिथल्या दोन तरतुदी जरूर बघाव्यात. साहाय्याचा करार दत्तकाच्या अंतिम आदेशाआधी सही व्हावा लागतो. आदेश झाल्यावर लक्षात आलं तर मागाहून मिळवणं फार अवघड जातं. आणि दत्तक साहाय्याची रक्कम त्याच मुलाला प्रतिपालक (दत्तक न घेता तात्पुरतं सांभाळणाऱ्या) कुटुंबात मिळाली असती त्यापेक्षा जास्त असू शकत नाही. ही दुसरी मर्यादा घातली नाही तर कोणत्या योजनेत मूल टाकायचं हे मुलाच्या गरजेऐवजी दरपत्रक ठरवतं.

मोडीवाचक

दरपत्रकावरून आठवलं. महाराष्ट्रात नेमकी ही स्थिती आत्ताच आहे.

राज्याच्या बालसंगोपन योजनेत (आता क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने) मुलाला महिना २,२५० मिळतात, २०२३ मध्ये १,१०० वरून वाढवले. हा पैसा पूर्णपणे राज्याचा. केंद्राच्या प्रायोजकत्वात ४,०००, त्यात राज्याचा वाटा १,६००. म्हणजे पात्र मूल बालसंगोपनातून प्रायोजकत्वात गेलं तर मुलाला १,७५० जास्त मिळतात आणि राज्याचे ६५० वाचतात. हजार मुलांमागे वर्षाला राज्याचे ७८ लाख वाचतील, केंद्रावर २ कोटी ८८ लाखांचा भार येईल.

मग सगळी मुलं का हलत नाहीत? एक, प्रायोजकत्वाला उत्पन्नाची मर्यादा आहे: ग्रामीण भागात वर्षाला ७२,०००, शहरी भागात ९६,०००. बऱ्याच विधवा आया रोजंदारी धरूनही या वर जातात. दोन, लाभार्थी संख्या मंजूर निधीला बांधलेली. २०२४-२५ मध्ये मिशन वात्सल्यची तरतूद देशभरासाठी १,४७२ कोटी होती, २०२५-२६ ला १,५०० कोटी. यातच संस्था, समित्या, मानधन, हेल्पलाइन सगळं.

तिसरी अडचण रोजची. पैसे थेट खात्यात जातात, आणि परत येतात. खातं मुलाच्या नावाने पालकासोबत संयुक्त हवं. पासबुकावर 'सोनाली', आधारवर 'सोनाली संतोष', शाळेच्या दाखल्यावर आजोळचं आडनाव. किंवा दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून बँकेने खातं गोठवलेलं. हप्ता परत गेला की यादी पुन्हा करायची, तोवर मार्च उजाडतो आणि पैसा अखर्चित दिसतो. अखर्चित दिसला की उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचा दाखला) अडतं, आणि पुढचा केंद्रीय हप्ता उशिरा येतो. एका बँक खात्याच्या नावावरून जिल्ह्याचं मानधन थकतं, हे अतिशयोक्ती वाटेल पण साखळी अशीच आहे. उपाय साधा: अर्ज मंजूर करण्याआधी खात्यात एक रुपया पाठवून बघायचा. जातो का, आणि कोणाच्या नावावर जातो, हे आधीच कळतं.

वहिवाट

शीर्षकात ताबाही आहे, त्यावर कोणीच लिहिलं नाही म्हणून.

ताब्याचा कायदा आपल्याकडे पालक व पाल्य अधिनियम १८९० आणि हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम १९५६ यांत आहे, आणि अंमल १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याखाली. मे २०१५ मध्ये विधी आयोगाने २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची तरतूद सुचवली. दोन्ही पालकांच्या सहवासाचं तत्त्व मला मान्य आहे. पण तिथेही नियम बदलायला खर्च नाही, तो पाळायला आहे.

देखरेखीखालच्या भेटींचं, म्हणजे ताबा नसलेला पालक मुलाला न्यायालयाच्या नजरेखाली भेटतो त्याचं, गणित बघा. मूल शाळेत जातं म्हणून भेट शनिवारी. एका खोलीत सकाळी दहा ते सहा, दोन-दोन तासांच्या चार भेटी. दर प्रकरणाला पंधरवड्यातून एक भेट दिली तर एक खोली आठ प्रकरणांना पुरते. अशी चाळीस प्रकरणं असतील तर पाच खोल्या, पाच माणसं. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी न्यायालय बंद, म्हणजे त्या दिवशी जादा मोबदला देऊन माणसं बोलवा, नाहीतर खोल्या दुप्पट करा. जिथे कुटुंब न्यायालयच नाही, जिल्हा न्यायालय ही प्रकरणं चालवतं, तिथे समुपदेशकही नसतो. मग भेट न्यायालयाच्या व्हरांड्यात होते, आरोपी आणि पोलिसांच्या येजा सुरू असताना. पाच वर्षांचं मूल अशा ठिकाणी वडिलांकडे जायला नकार देतं, त्या नकाराची नोंद 'मुलाची इच्छा नाही' अशी होते आणि पुढच्या अर्जात पुरावा म्हणून वापरली जाते. खोली नसल्याचा खर्च अशा वाढीव तारखांतून न्यायालयच भरतं.

शेवंती

जिल्हाधिकाऱ्यांकडे काम गेल्याने न्यायालयाचा खर्च तरी वाचला का?

वहिवाट

महाराष्ट्रापुरतं सांगायचं तर चित्र सरळ नाही. न्यायालयांत पडून असलेली प्रकरणंही जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवण्याच्या सूचना निघाल्या, त्याला आव्हान दिलं गेलं, आणि जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने हे हस्तांतर थांबवून न्यायालयांनाच सुनावणी चालू ठेवायला सांगितलं. कायदा एकीकडे, अंतरिम आदेश दुसरीकडे, अशा काळात दोन्हीकडची तयारी ठेवावी लागते. संक्रमणाचा हा खर्च कोणत्याही विधेयकाच्या ज्ञापनात मी पाहिलेला नाही. जुनी प्रकरणं जिथे आहेत तिथेच संपवायची, नवी नव्या ठिकाणी, एवढी एक ओळ मसुद्यात असती तर हा वाद बराच लहान राहिला असता.

न्यायाधीशांचं म्हणाल, तर दत्तकाचा अर्ज विरोधी पक्ष नसलेला असतो, सुनावणी थोडक्यात उरकते. त्यामुळे वाचलेला न्यायालयीन वेळ फार नाही. संस्थेची वकिलाची फी मात्र वाचते, ती खरी बचत.

जमाखर्च

व्यक्तिगत निरोपातून दोघांनी विचारलं की आपल्या जिल्ह्याचे आकडे कुठे शोधायचे. राज्याच्या अर्थसंकल्पात महिला व बाल विकास विभागाच्या मागण्यांत मुख्य लेखाशीर्ष २२३५ बघा, सामाजिक सुरक्षा व कल्याण. त्यात बालकल्याणाच्या उपशीर्षाखाली केंद्र हिस्सा आणि राज्य हिस्सा वेगळे दाखवलेले असतात. मूळ अंदाज बघून थांबू नका, सुधारित अंदाज आणि त्याच्या आधीच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च शेजारच्याच रकान्यांत असतो. जिल्ह्यापुरतं हवं असेल तर माहितीच्या अधिकारात जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याकडे चार गोष्टी मागा: वर्षभरात कायदेशीर मुक्त जाहीर झालेली मुलं, त्यातल्या प्रत्येक मुलाची समितीपुढे आल्याची तारीख आणि मुक्त झाल्याची तारीख (नावाशिवाय), मंजूर आणि रिक्त पदं, आणि बँकेकडून परत आलेले हप्ते. मुलांची नावं, फोटो मागू नका. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली मुलाची ओळख उघड करता येत नाही, आणि नावं मागितली की अख्खा अर्जच फेटाळायला निमित्त मिळतं.